बाळाने तोंड फिरवले, तर?

गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एक तरुण बाई मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसून राहिल्या होत्या. काय झालं म्हणून विचारले, तर डोळ्यांत टचकन पाणी. "आठ महिन्यांचा झाला, पण वाटी दिसली की ओठ घट्ट मिटून घेतो. घरचे म्हणतात, तुला भरवताच येत नाही!"

त्यांना जे सांगितले, तेच आज इथे लिहिते. कारण वाटी-चमच्याचे हे युद्ध घरोघरी चालू असते. आमच्याही घरी होते, आणि त्यात चूक माझी होती.

माझ्या मोठ्याने खाण्यापिण्याचा कधी त्रास दिला नव्हता. धाकटीचे उष्टावणही हौसेने झाले. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, तीही तिने मिटक्या मारत चाटली. पण पुढे रोजचे खाणे सुरू झाले आणि बाईसाहेब तोंड फिरवू लागल्या. मला साडेदहाला शाळेसाठी निघायचे असे. दहाला नाचणीचे सत्त्व घेऊन बसायची, पण लक्ष सगळे घड्याळाकडे. त्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोर हडकली गं!" झाले! दुसऱ्या दिवशी मी तिला पायांवर आडवी घेतली, नाक चिमटीत धरले आणि तोंड उघडताच चमचा आत ओतला.

जोराचा ठसका लागला. सत्त्व नाकातून आले, चेहरा लालबुंद झाला आणि ओठ निळसर दिसू लागले. मी घाबरून तिला पालथी घातली आणि पाठीवर थापट्या मारल्या. थोड्या वेळाने ती रडली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. ते क्षण आजही आठवले की अंगावर काटा येतो.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, "सुदैवाने छातीत काही गेलेलं नाही. वजनही वयाच्या मानाने ठीक आहे. पण आडवं घेऊन, नाक दाबून पुन्हा कधी भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं." पुढे आठवडाभर पोरगी नुसता चमचा दिसला तरी रडायची.

मग एके दुपारी मी लवकर घरी आले, तर काय! सासूबाई जेवत होत्या. त्यांची कवळी दुखते म्हणून त्या भात अगदी मऊ कालवून घेतात. धाकटी समोर बसून त्यांच्या घासाकडे टक लावून बघत होती आणि मध्येच तोंडाचा 'आ' करत होती. सासूबाई बोटावर चिमूटभर भात घेऊन तिच्यापुढे धरत. कधी ती खाई, कधी थुंकून टाकी. सासूबाईंचे आपले जेवण चालूच! माझ्याकडे जो लाल भोपळा ती जिभेवरही ठरू देत नव्हती, तोच तिच्या गालाला लागला होता.

खरे सांगते, आधी मला रागच आला. "आई, माझ्याकडून एक चमचा घेत नाही, आणि तुमच्याकडून कशी खाते?"

"अगं, मी कुठे भरवते तिला? मी जेवते. ती बघते."

सासूबाईंचे सगळेच मला पटते असे नाही. बारशाला बाळाला मध चाटवायचा त्यांचा आग्रह मी मोडला होता, आणि दोन दिवस अबोला सोसला होता. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला क्वचित, पण गंभीर विषबाधा होऊ शकते. मात्र या बाबतीत त्यांचे बरोबर होते. मी तिला कोंबत होते, त्या तिला जेवणात घेत होत्या.

बाळाने तोंड फिरवले म्हणजे 'आवडले नाही' असा निकाल लावू नका. सहा महिने नुसते दूध गिळलेल्या जिभेला घास मागे कसा न्यायचा हे शिकायचे असते. म्हणून जीभ तो बाहेर ढकलते. चवही अनोळखी असते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपी अभ्यासात, सात महिन्यांच्या बाळांना आधी न आवडलेली भाजी एक दिवसाआड अशी आठ वेळा देऊन पाहिली. आठव्या वेळेपर्यंत बहुतेक बाळे ती आवडत्या भाजीइतकीच खाऊ लागली होती. आणि आपण? दोन-तीनदा थुंकले की 'आमच्याकडे भोपळा चालत नाही' म्हणून मोकळ्या!

मी मग युक्ती केली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडते, त्याच चौकोनात 'भो' लिहू लागले. खाल्ला तर बरोबरची खूण, थुंकला तर फुली. सहा फुल्या झाल्या, सातव्या दिवशी तिने चाटून पाहिले आणि नवव्या वेळी तीन चमचे खाल्ले. फुल्या मोजायला लागल्यापासून माझाच जीव थोडा शांत झाला.

आता काही व्यवहारातल्या गोष्टी.

सुरुवात कधी? सहा महिने पूर्ण झाले की. तोवर आईचे दूध पुरते. पुढे ते एकटे पुरत नाही. विशेषतः लोह कमी पडू लागते. वरचे खाणे सुरू झाले तरी अंगावरचे दूध थांबवू नये. दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही खुशाल पाजावे.

किती? आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा किंवा तीनदा. आठ महिन्यांपर्यंत हळूहळू वाढवत एका वेळी अर्ध्या कपापर्यंत न्यावे. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा द्यावे.

पातळ की घट्ट? इथे आपल्या बऱ्याच घरांत चुकते. वरणाचे पाणी आणि भाताची पेज यांनी चिमुकले पोट भरते, पण अंगी फारसे काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही, इतके घट्ट आणि मऊ असावे. सगळे मिक्सरमधून गंधासारखे वाटू नये. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला थोडे रवाळही खाऊ द्यावे, म्हणजे चावायची सवय लागते.

काय द्यावे? मुगाची खिचडी, नाचणी, कुस्करलेले केळे, उकडलेले रताळे, गाजर, भोपळा, पालेभाजी, दही. ज्यांच्या घरी चालते त्यांनी पूर्ण शिजलेले अंडे, काटे काढलेली मासळी द्यावी. एका वेळी एकच नवा पदार्थ द्यावा, म्हणजे काही बाधले तर कशाने ते कळते. मीठ-साखर वर्षभर तरी नको. आपल्याला अळणी लागते, बाळाला नाही!

एक लक्षात घ्या, आईच्या खाण्यातल्या चवी दुधातूनही बाळापर्यंत पोचतात. अमेरिकेतल्या ज्या आयांनी गरोदरपणी किंवा पाजताना गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीला कमी तोंडे वाकडी केली, असे २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तेव्हा बाळंतिणीने शेपू-मेथी खावी, लसणाची फोडणी खावी, भीत भीत जेवू नये.

कसे द्यावे? बाळाला आधार देऊन सरळ बसवावे. भूक लागलेली असावी, पण रडवेली नव्हे. नवी चव ओळखीच्या भातात थोडीशी मिसळावी. वाटीत हात घालू द्यावा. फरशी पुसता येते! मोबाईलवरची गाणी दाखवून नकळत घास सरकवू नये, कारण पोट भरल्याचे बाळाला उमगतच नाही. त्याने मान फिरवली, ओठ मिटले की वाटी उचलावी. काय आणि केव्हा द्यायचे ते आपण ठरवावे, किती खायचे ते त्याला ठरवू द्यावे.

अख्खे शेंगदाणे, चणे, द्राक्षे, लाह्या आणि कच्च्या गाजराचे तुकडे लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. घशात अडकतात. आणि बाळाचे वजन वाढत नसेल, दर खाण्याला उलटी किंवा खोकला होत असेल, लघवी कमी होत असेल किंवा मरगळ असेल, तर आठवी वेळ मोजत बसू नका, डॉक्टर गाठा. एखाद्या पदार्थाने ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर तेव्हाच न्या.

बाळाची खिचडी अशी करा. दोन चमचे तांदूळ आणि एक चमचा मुगाची डाळ धुऊन घ्यावी. त्यात भोपळ्याची एक फोड आणि बेताचे पाणी घालून कुकरमध्ये चार-पाच शिट्या होऊ द्याव्यात. चमच्याच्या पाठीने घोटून वर अर्धा चमचा तूप आणि लिंबाचे दोन-चार थेंब घालावेत. लिंबाने डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते.

आता धाकटी पावणेदोन वर्षांची आहे. माझ्या ताटातली भोपळ्याची भाजी हक्काने ओढते. पालकाच्या मात्र तेरा फुल्या झाल्या, अजून नाक मुरडणे चालूच आहे! मी दर आठवड्याला पालक करते, एक चमचा तिच्या वाटीत वाढते आणि आपली जेवत राहते.

तुमच्या बाळाने कितव्या वेळी हो म्हटले, ते मला जरूर कळवा.