'करेक्ट' म्हणजे काय?

इंग्रजीच्या तासाला 'करेक्ट' हा शब्द तुम्ही नेहमी ऐकता. त्याचा अर्थ विचारला, तर उर्दूत तुम्ही चटकन 'सही' किंवा 'दुरुस्त' म्हणाल आणि मराठीत 'बरोबर' म्हणाल. हे तिन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत. पण मराठीत येताना त्यांचे अर्थ थोडे सरकले आहेत. मराठीत 'सही करा' म्हटले, की कागदावर आपले नाव लिहायचे. 'बरोबर' हा शब्द मूळचा फारसी. उर्दूत तो मुख्यतः 'समान' या अर्थाने येतो. मराठीत उत्तर बरोबर असते आणि मैत्रीणही आपल्याबरोबर असते!

'दुरुस्त' या शब्दाची गंमत तर आणखीच वेगळी. 'आपने दुरुस्त फ़रमाया' असे उर्दूत म्हणतात, तेव्हा काही बिघडलेले नसते. मराठीत सायकल दुरुस्त झाली म्हणजे ती आधी बिघडलेली होती. इंग्रजी 'करेक्ट'मध्ये हे दोन्ही अर्थ आहेत. विशेषण असेल, तर 'चूक नसलेले'. क्रियापद असेल, तर 'चूक सुधारणे'. हा शब्द लॅटिनमधून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ 'सरळ केलेले' असा आहे.

'करेक्ट' आणि 'राइट' एकच, असे पुष्कळजण समजतात. मला ते पटत नाही. गणित, स्पेलिंग, घड्याळातील वेळ ताडून पाहता येते. तेथे दोन्ही शब्द चालतात. वागण्यालाही 'करेक्ट' म्हणतात, पण त्यातून ते रीतीला धरून आहे एवढेच कळते. ते न्यायाचे आहे, हे सांगायला 'राइट' लागतो.

समजा, बाजारात तुमची दादी भाजीवालीला म्हणाली, "माझा पिशवी द्या." भाजीवालीने पिशवी दिलीही. तेवढ्यात तुम्ही चारचौघांत ओरडलात, "माझा नाही, माझी!" पिशवी स्त्रीलिंगी आहे, यात वाद नाही. म्हणजे तुमचे बोलणे करेक्ट. पण दादीची मान खाली गेली. पुढच्या खेपेला ती मराठीत बोलायलाच कचरेल. मग ते राइट कसे? घरी परतताना तुम्ही हळूच सांगितले असते, तर तिने ते हसून ऐकले असते. शिवाय तिची चूक कोठून आली तेही पाहा. उर्दूतला 'थैला' पुल्लिंगी आहे ना!