कारखान्याचा सातबारा कुठं हाय?



२४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. छत कोसळलं, ८ कामगार गेले.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात ४१-ब कलम आलं. धोका काय, बचाव कसा, हे कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या लोकांना कारखान्यानं सांगायचं, असा तो कायदा होता.

वनहक्काच्या दाव्याले आपल्याला सतरा कागद मागतेत. मग आपणही मागू. कोणतं रसायन, किती साठा, कोणत्या यंत्राची तपासणी कधी झाली, याची नोंद कामगाराच्या हाती पाहिजे. भोंगा वाजला तर कुठं पळायचं, हे मराठीत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाहिजे. शस्त्राचं गुपित ठेवा; जीव वाचवायची वाट गुपित कशी? येत्या ग्रामसभेत ठराव घ्या.