शास्त्रीय व्यवस्थापन आणि कामगार

पूर्वी कारखान्यातील काम कामगार एकमेकांचे पाहून शिकत. अमेरिकन अभियंते फ्रेडरिक विन्स्लो टेलर यांनी ही परंपरा तपासून पाहिली. बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यात एका खेपेस सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो माल उचलल्यास दिवसभरात सर्वाधिक काम होते, असे त्यांना आढळले. म्हणून हलक्या राखेसाठी मोठे आणि जड खनिजासाठी लहान फावडे देण्यात आले.

१९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात टेलर यांनी चार तत्त्वे मांडली : अंदाजाऐवजी शास्त्र, कामगारांची योग्य निवड व प्रशिक्षण, परस्पर सहकार्य आणि जबाबदारीची विभागणी.

योग्य अवजार आणि प्रशिक्षण यांमुळे श्रम वाचतात, यात शंका नाही. दोष आहे तो विभागणीत. व्यवस्थापकाने विचार करायचा आणि कामगाराने केवळ हात चालवायचे, असा तिचा अर्थ होता. टेलर यांच्याच नोंदीनुसार, लोखंडाचे ठोकळे वाहणाऱ्या मजुराचे दिवसाचे काम साडेबारा टनांवरून साडेसत्तेचाळीस टनांवर गेले. मजुरी मात्र १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवरच पोहोचली. काम जवळजवळ चौपट झाले, मोबदला दुप्पटही झाला नाही. १९११ मध्येच वॉटरटाउन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात घड्याळ लावून काम मोजण्याविरुद्ध कामगारांनी संप केला.

कामाचे मोजमाप करणे गैर नाही. मात्र ज्याचे श्रम मोजायचे, त्याचे म्हणणे ऐकून न घेता ठरवलेले प्रमाण न्याय्य ठरत नाही. कामगाराचा अनुभव हेही ज्ञानच आहे. त्याला स्थान देणारे व्यवस्थापनच खऱ्या अर्थाने शास्त्रीय होय.