हातानं जोडलेलं चिलखत

दाराशी एक भलंमोठं खोकं येऊन पडतं. उघडलं की आतून पांढऱ्याशुभ्र प्लॅस्टिकचे तुकडे निघतात. छातीचा, पाठीचा, दंडाचे, मनगटाचे, मांडीचे, पोटरीचे, आणि प्रत्येकाच्या कडेला नको असलेली झालर. कुठला तुकडा डाव्या पायाचा आणि कुठला उजव्या, हे पहिल्या रात्री कळतही नाही. यातूनच ‘स्टार वॉर्स’मधला स्टॉर्मट्रूपर, म्हणजे साम्राज्याचा तो पांढऱ्या चिलखतातला शिपाई, उभा करायचा असतो. नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी बसणाऱ्या नवख्या माणसाचे त्यात दोन-चार महिने सहज जातात.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणीही विचारील. मोठ्या माणसांनी पोरखेळात घालवलेला वेळ म्हणून या छंदाकडे पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा हे काम जवळून पाहावं.

एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचा पत्रा चौकटीत ताणून तापवतात. तो मऊ पडून त्याला झोळ आला की साच्यावर दाबतात आणि खालून हवा ओढून घेतात. पत्रा साच्याच्या प्रत्येक उंचवट्याला घट्ट बसतो. मूळ सिनेमासाठी १९७६ साली इंग्लंडमध्ये चिलखतं झाली तीही याच रीतीनं. इथपर्यंत यंत्राचं काम. पुढचं सगळं हाताचं. कडेची झालर काढताना सरळ ठिकाणी कटरनं एक रेघ ओढायची आणि तुकडा हलक्या हातानं मागेपुढे वाकवायचा, तो नेमका रेघेवर तुटतो. दंडाचे दोन अर्धे भाग एकमेकांना भिडवून सांध्यावर १५ मिलिमीटर रुंदीची पट्टी बसवायची. त्यासाठी बहुतेक जण जो गोंद वापरतात तो पक्का व्हायला दिवस-दीड दिवस घेतो. घाईच्या माणसाला हे जाचतं, पण त्यात मोठी सोय आहे. पट्टी तिरकी बसली तर हा गोंद सोलून काढता येतो आणि काम पुन्हा करता येतं. झटकन चिकटणारा गोंद ती संधी देत नाही. गोंद सुकेपर्यंत आतून-बाहेरून लोहचुंबक लावून तुकडे धरून ठेवायचे. कापताना पडलेला कचरा मात्र फेकायचा नाही. तो ॲसिटोनमध्ये विरघळवला की खळीसारखी घट्ट पेस्ट होते, अगदी त्याच पांढऱ्या रंगाची. फटी आणि भेगा तिनंच भरायच्या. चिलखताची डागडुजी चिलखताच्याच चुऱ्यानं होते.

जगभरच्या अशा कारागिरांना एकत्र बांधणारी सर्वांत नावाजलेली संघटना म्हणजे ‘५०१वी लीजन’. तिची सुरुवात १९९७ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यात ॲल्बिन जॉन्सन यांनी केली. जॉन्सन यांना १९९४ साली मोटार अपघात झाला आणि पुढे त्यांना एक पाय गमवावा लागला. त्या काळात मन रमवायला म्हणून त्यांनी स्टॉर्मट्रूपरचा पोशाख मिळवला. १९९७ हे मूळ तीन चित्रपट नव्या रूपात पुन्हा पडद्यावर आले ते वर्ष. टॉम क्रूज नावाचा त्यांचा मित्रही (सिनेमातल्या नटाशी नामसाधर्म्य असलेला, पण वेगळा) तसाच पोशाख घेऊन आला आणि जॉन्सन यांच्या लक्षात एक गोष्ट आली. चिलखतातला एकटा माणूस चमत्कारिक वाटतो. दोघे असले की ती पलटण होते. त्यांनी इंटरनेटवर इतरांना हाक दिली. आज ही पलटण दहा हजारांवर गेली आहे आणि डझनावारी देशांत पसरली आहे.

लीजनमध्ये पोशाख वर्गणी भरून मिळत नाही, तो आपण घडवून किंवा मिळवून पास करून घ्यावा लागतो. समोरून, मागून, बाजूनं काढलेले फोटो पाठवायचे. तिथले तपासनीस ते सिनेमातल्या नमुन्याशी ताडून पाहतात. पट्ट्याची पेटी किती वर आहे, खांद्यावरची पट्टी कुठे संपते, पाठीवरचा करडा नळा पट्ट्याला कसा अडकवला आहे, सगळं पाहिलं जातं. पहिल्या चित्रपटातल्या शिरस्त्राणांच्या गालांवरच्या बारीक निळ्या रेघा हातानं रंगवलेल्या होत्या, म्हणून त्या रेघांची थोडी वेडीवाकडी चालही चाहते ब्रशनंच उतरवतात. पास झालेल्याला क्रमांक मिळतो. स्टॉर्मट्रूपर असेल तर क्रमांकाआधी ‘टीके’ ही अक्षरं, पहिल्या चित्रपटात एका शिपायाला ‘टीके-४२१’ म्हणून हाक मारतात त्यावरून घेतलेली.

हातातल्या बंदुकीची कथा तर आपल्या घराजवळ येते. सिनेमातली ती बंदूक ब्रिटिश बनावटीच्या खऱ्याखुऱ्या स्टर्लिंग बंदुकीवर थोडे भाग चढवून केली होती. याच स्टर्लिंगची परवान्यानं घेतलेली आवृत्ती कानपूरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनत होती, आणि आपल्याकडे ‘कार्बाइन’ म्हणून ती पोलिसांच्या खांद्यावर अनेकांनी पाहिलेली आहे.

चिलखत अंगावर चढवणं हे एकट्याचं काम नव्हे. काळा घट्ट पोशाख, त्यावर पायापासून वर एकेक तुकडा, पाठीमागची बटणं लावायला दुसरा माणूस. एकदा सगळं चढलं की नीट बसता येत नाही, वाकता येत नाही. शिरस्त्राणातून समोरचं कसंबसं दिसतं. स्वतःचे पाय आणि गुडघ्याशी आलेलं मूल दिसत नाही. म्हणून प्रत्येक फेरीत साध्या कपड्यातला एक सोबती असतो. तो पायऱ्या आल्या की सांगतो, पाणी देतो, गर्दीतून वाट काढतो. फोटोत तो कधीच नसतो, पण त्याच्यावाचून पलटण दहा पावलंही चालू शकत नाही.

या मंडळींचा सर्वांत महत्त्वाचा नियम पैशाचा आहे. पोशाख घालून हजेरी लावण्याचे पैसे कुणी सदस्य घेत नाही. कार्यक्रम करणाऱ्याला काही द्यायचंच असेल तर ते एखाद्या धर्मादाय संस्थेला द्यावं असं सुचवलं जातं. हा एक नियम सांभाळल्यामुळे बाकीचं सगळं टिकलं, असं स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

याची दुसरी बाजू इंग्लंडच्या न्यायालयात दिसली. मूळ चिलखतं ज्यांनी पत्र्यातून ओढून काढली ते अँड्र्यू एन्सवर्थ २००४ पासून आपल्या साच्यांवरून शिरस्त्राणं आणि चिलखतं विकू लागले. ‘स्टार वॉर्स’ची निर्माती लुकासफिल्म कंपनी, तिनं त्यांना कोर्टात खेचलं. २००६ साली कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं त्यांच्यावर दोन कोटी डॉलरचा निकाल दिला. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि जुलै २०११ मध्ये तिथं निकाल लागला तो असा: शिरस्त्राण हे शिल्प नव्हे, सिनेमा घडवण्याच्या कामातली ती एक वापराची वस्तू आहे, म्हणून शिल्पाला मिळणारं दीर्घ संरक्षण तिला नाही. अमेरिकेतल्या विक्रीबद्दल कंपनीला ब्रिटनमध्ये दाद मागता येईल, एवढं मात्र न्यायालयानं मान्य केलं.

विकणाऱ्या एका माणसाशी वर्षानुवर्षं भांडणारी हीच कंपनी न विकणाऱ्या हजारोंना आपलं मानत राहिली. २००७ च्या १ जानेवारीला कॅलिफोर्नियात पॅसाडीना इथल्या गुलाबांच्या प्रसिद्ध मिरवणुकीत ‘स्टार वॉर्स’चे जनक जॉर्ज लुकास प्रमुख पाहुणे होते, तेव्हा त्यांच्यासोबत लीजनचे सुमारे दोनशे सदस्य पूर्ण चिलखतात साडेपाच मैल चालले. त्याआधीच २००४ साली टिमथी झान यांनी आपल्या ‘स्टार वॉर्स’ कादंबरीत ५०१ व्या तुकडीला जागा दिली होती, आणि २००५ च्या चित्रपटात ती तुकडी खलनायक डार्थ व्हेडरच्या मागून चालताना दिसली. चाहत्यांनी ठेवलेलं नाव मूळ कथेनं स्वीकारलं. पुढे ‘द मॅंडलोरियन’ या मालिकेच्या पहिल्या पर्वात एका प्रसंगाला स्टॉर्मट्रूपर कमी पडले, तर निर्मात्यांनी लीजनच्या सदस्यांना आपापली चिलखतं घेऊन बोलावलं. घरच्या मेजावर कापलेलं प्लॅस्टिक थेट कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं आणि खपून गेलं. कारागिरीला याहून मोठी पावती नाही.

मालकी हक्क सांभाळणाऱ्या प्रत्येक कंपनीनं, आपल्याकडच्या निर्मात्यांनीही, यावरून धोरण ठरवायला हवं. विक्रीसाठी नक्कल करणारा आणि प्रेमापोटी स्वतःसाठी घडवणारा यांना एका मापानं मोजू नये. मधली जागा अवघड आहे, हे खरं. साच्यातून तुकडे काढून देणारे चाहतेही त्याचे पैसे घेतातच. पण जागा अवघड आहे म्हणून सगळ्यांना नोटिसा पाठवणं हा उपाय नाही.

आणखी एक आक्षेप असतो आणि तो गंभीर आहे. हे शिपाई कथेतल्या जुलमी सत्तेचे. त्यांचं नावसुद्धा पहिल्या महायुद्धातल्या जर्मन हल्लेखोर तुकड्यांवरून आलेलं. अशा सैन्याचा पोशाख हौसेनं घालावा का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. माणसाचा चेहरा पुसून त्याचा आकडा करायचा, हाच त्या पोशाखाचा कथेतला अर्थ आहे. पण लीजननं त्या अर्थालाच हात घातला. एकसारख्या चिलखतांच्या आत बाई आहे की पुरुष, साठीचा आहे की पंचविशीचा, एक पाय कृत्रिम आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही आणि कुणी विचारतही नाही. आणि ही पलटण निघते ती बहुधा मुलांच्या दवाखान्याकडे किंवा देणगी गोळा करण्याच्या फेरीला. ऑस्ट्रेलियात एक सदस्य २०११ मध्ये चिलखत घालून पर्थहून निघाला आणि सुमारे पाच हजार किलोमीटर चालत २०१२ मध्ये सिडनीला पोचला. आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरिता त्यानं एक लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली. पोशाख खलनायकाचा असला तरी चालणाऱ्यानं तो कुठे नेला, यावरून त्याला जोखावं.

याचा कस लागला तो संस्थापकाच्याच घरात. जॉन्सन यांच्या केटी या लहान मुलीला मेंदूचा कर्करोग झाला. सिनेमात आर-टू-डी-टू नावाचा छोटा यंत्रमानव झोपलेल्या नायिकेची राखण करतो. तसा एक आपल्या बहिणीजवळ असावा, असं केटीच्या मोठ्या बहिणीला वाटलं. असे यंत्रमानव घरी बनवणाऱ्या चाहत्यांचीही एक संघटना आहे. तिच्या सदस्यांनी गुलाबी रंगाचा यंत्रमानव घडवायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आधीच एक गुलाबी यंत्रमानव तिच्या भेटीला आणला. ऑगस्ट २००५ मध्ये केटी गेली. तिच्या नावाचा ‘आर-टू-के-टी’ पुढे दवाखान्यांतून फिरू लागला, आणि २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’ या चित्रपटात तो पडद्यावरही दिसतो. अनोळखी लोक आपापल्या गॅरेजमध्ये रात्री जागतात आणि एका मुलीपर्यंत तिच्या आवडीचा रंग वेळेत पोचतो, याला पोरखेळ म्हणता येत नाही.

हा छंद स्वस्त नाही, हेही सांगायला हवं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. चिलखताच्या तुकड्यांचा संच परदेशातून मागवायचा तर त्याची किंमत, वाहतूक आणि जकात मिळून आपल्याकडच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. पण हातात कसब यायला तो संच लागत नाही. २०११ मध्ये दिल्लीत पहिलं कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचं संमेलन, झालं, नंतर ते मुंबईतही आलं, आणि तिथं दरवर्षी पोरं-पोरी ज्या चिलखतात येतात त्यातली कितीतरी चटईच्या फोममधून उभी राहिलेली असतात. फोम कापायचा, गरम हवेच्या बंदुकीनं तापवून गोल वळवायचा, चप्पल जोडायच्या सोल्युशननं चिकटवायचा, वरून थर देऊन धातूसारखा रंगवायचा. दोन हात दूरवरून तो लोखंडाचा वाटतो. घरात मात्र या मुलांना ऐकावं लागतं ते एकच: अभ्यास सोडून ही काय थेरं चालवली आहेत? ज्या मुलीनं खांद्याच्या गोलाईचा कागदी नमुना तीनदा काढून चौथ्यांदा बरोबर बसवला, तिनं भूमितीच केली आहे, हे आईवडिलांनी एकदा शेजारी बसून पाहावं.

आपल्याकडे वेश म्हटलं की ड्रेपरीवाला आठवतो. स्नेहसंमेलन जवळ आलं की फोन करायचा, मापं सांगायची, जिरेटोप आणि ढाली भाड्यानं आणायच्या, दुसऱ्या दिवशी परत द्यायच्या. त्या व्यवसायानं मराठी रंगभूमीची मोठी सेवा केली आहे आणि त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण शाळेतल्या मुलांच्या हाताला त्यात काहीच काम उरत नाही. यंदाच्या स्नेहसंमेलनाला शाळांनी निदान एका वर्गाला पुठ्ठा, फोम, कात्र्या आणि एक महिना द्यावा, आणि मावळ्यांच्या ढाली त्यांनाच करू द्याव्यात. पहिल्या ढाली वाकड्या होतील. त्या तशाच रंगमंचावर जाऊ द्याव्यात.