बर्फाला दोन दिवस द्या

हिवाळी ट्रेकच्या तारखा जाहीर होऊ लागल्या की पुण्या-मुंबईतली मुलं बूट कोणते घ्यायचे, थंडी किती असेल, असं विचारू लागतात. कार्यक्रमात राखीव दिवस किती आहेत, हे क्वचितच कोणी विचारतं. हिमालयात बर्फात जायचं तर पहिला प्रश्न हाच हवा.

रात्रभर बर्फ पडतो आणि सकाळी आभाळ निळंशार होतं. सगळ्यांचे पाय शिवशिवतात. धोका मात्र तेव्हाच सर्वांत मोठा असतो, कारण नव्या बर्फाचं ओझं खालच्या थरांवर नुकतंच येऊन पडलेलं असतं. त्यात वारा असेल तर तो धारेच्या एका अंगाचा बर्फ उचलून दुसऱ्या अंगाला नेऊन रचतो. आभाळातून वीतभर पडला असला तरी आडोशाच्या उतारावर कंबरभर साचलेला असतो. हे ओझं मुरायला एक-दोन दिवस तरी लागतात.

कधी आठवडेही लागतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडासा बर्फ पडतो आणि मग कोरडी, कडाक्याची थंडी सुरू होते. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर हवा उणे पंधरा-वीस. त्या पातळ थरातून वाफ वर सरकत राहते आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. खड्डा खणून भिंत सपाट तासली आणि तळाशी बोटं घातली, की जाड साखरेसारखे दाणे हातमोज्यावरून घरंगळतात. कितीही दाबले तरी त्यांचा गोळा होत नाही. जानेवारीतला जड बर्फ येऊन बसतो तो यांच्यावर.

जाणकार गाईड त्याच खड्ड्यात 30 सेंटिमीटर लांब-रुंद बर्फाचा खांब मोकळा करतात, वर फावड्याचं पातं ठेवतात आणि थापा मारतात: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. मनगटाच्याच थापांना वरची लादी सुटून पुढे सरकली, तर तो उतार त्या दिवशी सोडायचा. खांब टिकला म्हणून मात्र सगळा डोंगर सुरक्षित ठरत नाही. खड्डा सांगतो ते त्या जागेपुरतंच. साधारण 30 ते 45 अंशांचे उतार सर्वाधिक सुटतात, आणि माणसं सापडतात त्या बहुतेक हिमस्खलनांना त्यांच्याच गटाच्या वजनाने निमित्त मिळालेलं असतं.

अनुभव असला म्हणजे बर्फ सवलत देतो असं नाही. 4 ऑक्टोबर 2022 रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि 29 जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी एव्हरेस्ट आणि मकालू सर केलं होतं. ही बातमी आजही मला अस्वस्थ करते.

गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर जगण्याची आशा चांगली असते. त्यानंतर ती झपाट्याने ओसरते. खालून येणारी मदत तेवढ्यात पोचत नाही. वाचवतील ते शेजारचेच, तेही प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं यंत्र) आणि पाठीवर प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब कांडी) व फावडं असेल आणि ते वापरायचा सराव असेल तरच. हिमस्खलनाच्या उतारांवरून किंवा त्यांच्या खालून जाणारा हिवाळी ट्रेक या तीन वस्तूंशिवाय विकणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची (डीआरडीओ) डीजीआरई ही प्रयोगशाळा हिमालयी जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. तो इशारा रोज तळावर वाचला जायला हवा. पण वाचूनही थांबायला जागा नसेल तर काय उपयोग? बॅचच्या तारखा ठरलेल्या, मागची बॅच तंबूंसाठी खोळंबलेली, डेहराडूनहून परतीचं तिकीट काढलेलं. अशा वेळी "आज नको" म्हणणाऱ्या स्थानिक गाईडच्या शब्दाला शहरातल्या कार्यालयापुढे वजन उरत नाही. दोन जादा दिवसांचा खर्च आहे, हे मान्य. तो आयोजकाने आधीच शुल्कात धरावा आणि आपण कुरकुर न करता भरावा. पैसे देण्यापूर्वी आयोजकाकडून लेखी घ्या: बर्फ पडला तर थांबायचं कोण ठरवणार, त्याचा शब्द अखेरचा असेल का, आणि शिखर न गाठता परतलो तर पुढच्या बॅचला जागा मिळेल का.