चला, चित्रफेरीला!



‘गॅलरी’ म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळत घातलेले कपडे, तुळशीची कुंडी आणि पलीकडच्या गॅलरीतून आलेला प्रश्न, ‘काय केलंत आज भाजीला?’ पण आज मला लिहायचंय ते दुसऱ्या गॅलरीबद्दल. चित्रांच्या. तिथे आपल्यापैकी कितीतरी जणींनी अजून एकदाही पाऊल टाकलेलं नाही.

गंमत पाहा हं. साडीच्या दुकानात आपण बिनदिक्कत शिरतो. गादीवर बसून तीस-चाळीस साड्या उलगडायला लावतो, काठ बघतो, पदर बघतो आणि ‘पुढच्या महिन्यात येते’ म्हणून ताठ मानेनं बाहेर पडतो. दुकानदारही हसून पुन्हा घड्या घालतो. पण चित्रांच्या दालनाचं काचेचं दार दिसलं की पाय अडखळतो. ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं?’ ‘घ्यायचं नाही, मग आत कसं जायचं?’ ‘कुणी काही विचारलं तर?’ अशा तीन प्रश्नांनी आपण दारातूनच परत फिरतो.

ही भीती काही आपल्या एकट्यांची नाही बरं का! अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरात – तुमच्यापैकी काहींच्या लेकी-सुना, भाचरं तिथे असतील – पायोनियर स्क्वेअर नावाची जुन्या विटांच्या इमारतींची पेठ आहे. तिथल्या चित्रविक्रेत्यांनी १९८१ साली एक साधी युक्ती काढली. महिन्याचा पहिला गुरुवार ठरवला. त्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापली दारं उघडी ठेवायची, लोकांनी पायी एका दारातून दुसऱ्या दारात जायचं. त्यांनी नकाशे छापून वाटले आणि दालनांबाहेरच्या फुटपाथवर चक्क पावलं रंगवली! वाचल्याबरोबर मला आपल्या दारातली लक्ष्मीची पावलं आठवली. पावलं आत वळलेली दिसली की माणूस आत येतो, हे जगभर सारखंच म्हणायचं. पुढे अमेरिकेतल्या कितीतरी गावांनी हीच रीत उचलली. कुणी पहिला गुरुवार धरला, कुणी पहिला शुक्रवार. चित्रांच्या दालनांबरोबर शेजारची कॉफीची दुकानं, पुस्तकांची दुकानंही त्यात आली.

आपल्या मुंबईतही हे झालं आहे. २०१० नंतरच्या वर्षांत कुलाबा, काळा घोडा, फोर्ट इथल्या गॅलऱ्यांनी महिन्यातल्या एका गुरुवारी, बहुधा दुसऱ्या, दारं रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवायची प्रथा पाडली. नाव ठेवलं ‘आर्ट नाइट थर्सडे’. एरवी संध्याकाळी सहा-सातला बंद होणारी दालनं त्या दिवशी ऑफिस सुटल्यावरही बघता येतात. तिकीट नाही, आमंत्रण नाही. मी त्याला ‘चित्रफेरी’ म्हणते. प्रभातफेरी असते, तशी ही सांजफेरी!

आता तुम्ही म्हणाल, फोर्ट म्हणजे बँका आणि कचेऱ्या. तिथे चित्रं कुठून आली? त्याची गोष्ट मोठी छान आहे. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली उघडली. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ ती बांधून दिली आणि मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांनी तिचं उद्घाटन केलं. त्याआधी नव्या चित्रकारांना चित्रं लावायला हक्काची भिंतच मिळत नसे. केकू गांधी नावाच्या पारशी गृहस्थांचा फ्रेमा बनवण्याचा धंदा होता. ‘केमोल्ड’ त्याचं नाव. फ्रेम चांगली दिसावी तर तिच्यात चित्र हवं. म्हणून त्यांनी दुकानाच्या काचेत तरुण चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली. लोक फ्रेम बघायला थांबत आणि चित्रं बघून जात! त्याच माणसानं १९६३ साली जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर केमोल्ड गॅलरी काढली. २००७ साली ती फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली.

आणि के. एच. आरांचं नाव तुम्ही ऐकलंय का? लहानपणी घरातून पळून मुंबईत आलेला हा मुलगा. लोकांच्या घरी कामं केली, मोटारी धुतल्या आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. चाळीसच्या दशकात त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं ते चेतना उपाहारगृहात. म्हणजे लोक जेवायला आले आणि भिंतीवर आरांची चित्रं! पुढे १९४७ साली सूझा, रझा, हुसेन यांच्याबरोबर प्रोग्रेसिव्ह गटाच्या स्थापनेत तेही होते. त्यांनी काढलं काय? फुलदाण्या, फुलं, फळं, मडकी. आपल्या ओट्यावर आणि टेबलावर असतं तेच. सांगायचा मुद्दा हा, की चित्रं आणि दुकानं यांचं नातं जुनं आहे. चित्रं राजवाड्यातून थेट काचेच्या दालनात आलेली नाहीत. मधे फ्रेमवाल्याची काच आहे, हॉटेलची भिंत आहे. मग आपणच का बिचकायचं?

आता प्रत्यक्ष जायचं कसं ते सांगते.

चर्चगेट किंवा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात की काळा घोडा पायी पंधरा-वीस मिनिटांवर. सपाट चपला घाला, कारण चालणं बरंच आहे आणि काही दालनं जुन्या इमारतींच्या वरच्या मजल्यांवर आहेत. दर महिन्याचा बेत सारखा नसतो, म्हणून निघण्यापूर्वी एक-दोन ठिकाणी फोन करून वार आणि वेळ विचारा. सुरुवात जहांगीरपासून करा. ती रोज अकरा ते सात उघडी असते, तेव्हा सहाच्या आत पोहोचा. तिच्याबाहेर फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसलेले असतात. त्यांच्याशी बोला, म्हणजे जीभ सैल होते. समोरच्या बाजूला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९११ सालच्या सर कावसजी जहांगीर सभागृहात ते १९९६ पासून आहे. ते मात्र सोमवारी बंद असतं आणि तिथे तिकीट आहे.

जाताना घोड्याकडेही बघा. राजा एडवर्डचा जुना काळा घोडा १९६५ साली इथून हलवला. तो आता भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पण नाव राहिलंच, म्हणून २०१७ साली तिथे नवा घोडा उभा केला. यावर स्वार नाही! मुलं बरोबर असतील तर त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

नंतर फक्त तीन-चार दालनं निवडा. लग्नाच्या हळदीकुंकवासारखं दहा घरं उरकायची नाहीत. दालन वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या वॉचमनला नुसतं ‘गॅलरी कुठली?’ विचारायचं. दार बंद दिसलं तर घंटा वाजवायची. आत गेल्यावर वहीत नाव लिहिलं तरी चालतं, नाही लिहिलं तरी चालतं. चित्राला हात लावायचा नाही आणि पर्स पुढे धरायची, एवढंच पथ्य.

चित्र बघायचं कसं? माझी पद्धत सांगते. आधी लांबून बघा, मग जवळून, मग पुन्हा लांबून. साडीसुद्धा आपण अशीच बघतो की! शेजारची चिठ्ठी शेवटी वाचा. दालनातल्या प्रत्येक चित्राला दोन मिनिटं देण्यापेक्षा एकाच चित्रापुढे दहा मिनिटं थांबा. रंग कुठून कुठे गेलाय, जागा रिकामी का सोडलीय, हे आपोआप दिसायला लागतं. रांगोळीत ठिपके आणि रेषा यांचा तोल जिला कळतो, तिला चित्रातलं काहीच कळत नाही, हे मला अजिबात मान्य नाही. आवडलं नाही तर ‘नाही आवडलं’ म्हणायला लाजू नका. तेवढाच अधिकार आपला आहे.

चित्राखाली लाल टिकली दिसली तर समजा, ते विकलं गेलंय. किंमत विचारायची लाज नको. किमतींची यादी टेबलावर असते, मागितली की दाखवतात. आकडे ऐकून छाती दडपेल, पण कधी कधी छोटी रेखाटनं, छापचित्रं बरीच कमी किमतीतही असतात. आणि काहीच घेतलं नाही तरी कुणी तोंड वाकडं करत नाही. चित्रकार स्वतः हजर असेल तर ‘हे कसं केलंत?’ एवढं विचारा. ‘याचा अर्थ काय?’ यापेक्षा हा प्रश्न त्यांनाही आवडतो. तुमच्या भरतकामाचा टाका कुणी विचारला तर तुम्हाला नाही का बरं वाटत?

फेरी संपली की इराण्याकडे चहा आणि बन-मस्का. पूर्वी जहांगीरमध्येच समोवार नावाचं छोटं उपाहारगृह होतं. उषा खन्ना या बाईंनी ते १९६४ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षं चालवलं. कितीतरी चित्रकार तिथे चहावर तासन्‌तास बसत. ते आता नाही. पण हुतात्मा चौकाजवळ किताबखाना हे पुस्तकांचं दुकान आहे. तिथे मराठी पुस्तकंही चाळायला मिळतात.

एवढं सगळं सांगते आहे, त्याचं खरं कारण आता सांगते.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. चौथी-पाचवीतल्या मुली काय सुंदर चित्रं काढतात! पुढे एलिमेंटरी होते, इंटरमिजिएट होते, चांगली श्रेणी मिळते. मग दहावीचं वर्ष येतं आणि रंगांची पेटी माळ्यावर जाते. ती पुन्हा खाली येते ती स्वतःच्या मुलांना शाळेत हवी म्हणून. तुमच्यापैकी किती जणींची पेटी अशी माळ्यावर आहे? आमच्या शेजारच्या वहिनींची होती. इंटरमिजिएटला ‘ए’ श्रेणी मिळवलेली बाई, पण अठरा वर्षांत ब्रश धरला नव्हता. त्यांना मी एका गुरुवारी ओढून नेलं. त्या दिवशी सासूबाईंनी आपण होऊन खिचडी टाकली. वहिनी एका लहानशा जलरंगापुढे खूप वेळ उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, ‘हे मला येत होतं गं.’ पुढच्या रविवारी त्यांनी दोन आंबे आणि एक तांब्या समोर ठेवून चित्र काढलं. यजमान म्हणाले, ‘आता या वयात?’ त्यांनी उत्तर दिलं नाही, दुसरा कागद घेतला. १९३१ साली जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवणाऱ्या अंबिका धुरंधर यांच्यासारख्या बायका आपल्याकडे झाल्या आहेत. वडील चित्रकार असल्यामुळे त्यांना घरातूनच पाठबळ मिळालं. ते सगळ्यांना मिळत नाही. पण महिन्यातली एक संध्याकाळ तर मागून घेता येते की नाही?

‘आम्ही कुठे मुंबईत राहतो?’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी दोन गोष्टी. एक, फेब्रुवारीत मुंबईला येणं होत असेल तर काळा घोडा महोत्सवाचे दिवस गाठा. १९९९ पासून तो भरतो आहे. सातारकरांना तर औंध जवळ आहे. तिथलं भवानी संग्रहालय पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुमच्या गावात चित्रफेरी तुम्हीच काढा! महिला मंडळाला हे सहज जमेल, कारण दुकानदार आपल्या ओळखीचे असतात.

एकाच रस्त्यावरची चार-पाच ठिकाणं धरा – फ्रेमवाला, फोटो स्टुडिओ, पुस्तकांचं दुकान, चहाचं हॉटेल, साडीच्या दुकानाची एक भिंत. महिन्यातला एक वार पक्का करा आणि मोडू नका. पहिला शनिवार, सहा ते साडेआठ. चित्रं शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांची, कला महाविद्यालयातल्या मुलामुलींची आणि माळ्यावरच्या पेट्यांमधली! खिळे ठोकायला दुकानदार तयार नसेल तर दोरी बांधून चिमट्यांनी लावा. प्रत्येक चित्राखाली नाव आणि किंमत लिहा. ‘हौस म्हणून काढलंय’ असं म्हणून किंमत टाळू नका. विक्री झाली तर दुकानदाराला किती द्यायचं, ते आधीच कागदावर ठरवा, म्हणजे मागाहून मनं दुखावत नाहीत. दुकानांचा नकाशा एका कागदावर काढून त्याच्या झेरॉक्स वाटा. दारांबाहेर पावलं काढायला तर रंगसुद्धा नको. रांगोळी घरात आहेच.

पहिल्या महिन्यात पंधरा माणसं येतील, त्यातली दहा घरचीच असतील. निराश होऊ नका. तीन-चार महिने वार चुकवला नाही, की लोकांच्या लक्षात राहतो.

तुमच्या गावात चित्रफेरी निघाली तर मला जरूर कळवा. आणि हो, माळ्यावरची पेटी खाली काढलीत तर तेही!