प्रॉक्सीची किल्ली

प्रॉक्सी म्हटली की आपल्याला आठवते ती हजेरीची. एकाने दुसऱ्याच्या नावाने ‘प्रेझेंट सर’ म्हणायचे! प्रॉक्सी सर्व्हरचेही तसेच. मागणी आपली, पण समोरच्या संकेतस्थळाला पत्ता दिसतो तो त्याचा. त्याचे दार उघडे राहिले तर कोणीही परका आपल्या नावावर नको ते उद्योग करील आणि जाब मात्र आपल्याला द्यावा लागेल.

गेल्या सत्रात आम्ही चौघांनी ‘स्क्विड’ हा १९९६ पासून चालत आलेला प्रॉक्सी डॉकरच्या कंटेनरमध्ये बसवला. कंटेनर म्हणजे वाड्यातली भाड्याची खोली. सामान आपले, पाया सर्वांचा एक. खोली मोडली की आतले सामानही जाते. म्हणून परवलीच्या शब्दांची फाइल बाहेर ठेवून आत नुसती जोडली. सगळे जमले असे वाटले. पण त्याच संगणकावरून पाहतो तर परवलीचा शब्द कोणी विचारतच नाही!

स्क्विड नियम वरून खाली वाचतो व पहिला जुळला की थांबतो. आम्ही घेतलेल्या फाइलीत ‘घरच्या जाळ्यातल्यांना प्रवेश’ हा नियम आमच्या नियमाच्या वरच राहिला होता. कंटेनरला आमची मागणी १७२.१७.०.१ वरून आलेली दिसे आणि हा पत्ता घरच्यांतच धरलेला! कुलूप उत्तम, पण दारवान सर्वांना ओळखीचे समजून आत सोडत होता. तो नियम काढला तेव्हा कुठे कुलूप लागले.

मित्रांचे म्हणणे, आता सर्वांना मिळून एकच शब्द पुरे. मला हे मुळीच मान्य नाही. एकच किल्ली वर्गभर फिरली की कोण आले, कोण गेले, कळणार कसे? एकाची किल्ली काढून घ्यायची तर सर्वांचीच बदलावी लागते. शिवाय साध्या, ‘बेसिक’ पद्धतीत हा शब्द बेस६४ मध्ये नुसता वेष पालटून जातो. वाटेत ऐकणाऱ्याला तो सहज उलगडतो. तेव्हा बँकेचा शब्द इथे वापरू नये, हे आलेच.

मात्र प्रत्येकाला वेगळे नाव दिले की दुसरी अडचण उभी राहते. नोंदवहीत कोण केव्हा कोणत्या संकेतस्थळावर गेला, हे नावानिशी उतरते. मजकूर कुलूपबंद असला तरी संकेतस्थळाचे नाव दिसतेच. मित्राची अशी वही माझ्या हाती असावी, हे मला रुचेना. आता ती दर आठ दिवसांनी पुसली जाते आणि नाव देण्याआधीच प्रत्येकाला तसे सांगितले जाते. चौघांपैकी दोघांना हे अजून पटलेले नाही.